वरचा एक

केळव्याच्या नाक्यावर ताडगोळे विकणाऱ्या बायका पुष्कळ बसतात. पण गाड्या थांबतात त्या वत्सलाबाईंच्या टोपलीसमोर. मुंबईची माणसं शनिवार-रविवार समुद्रावर येतात आणि परत जाताना काच खाली करून विचारतात, "त्या मावशी कुठे बसतात हो?" खोटं वाटत असेल तर जाऊन बघावं. कारण एकच. वत्सलाबाई डझन मोजतात, पिशवीत घालतात, आणि मग टोपलीत परत हात घालून एक ताडगोळा वर ठेवतात. तो मोजायचा नसतो. त्याचं नाव वरचा.

नवखं गिऱ्हाईक असलं तर म्हणतं, "मावशी, तेरा झाले."

"बारा तुमचे. एक माझा."

"तुमचा तर मला कशाला देता?"

"माझा हाय म्हनून तर देते. तुमचा असता तर मला देता आला असता का?"

गिऱ्हाईक हसत काच वर करतं आणि पुढच्या शनिवारी परत तिथेच थांबतं.

घर भंडारी समाजाचं. सात ताड, थोडी नारळाची नि सुपारीची वाडी, संपलं. श्रीमंती नाही. पण या घरातून कुणाला मोजून-मापून दिलं, असं गावातल्या एकानं तरी म्हणून दाखवावं. थोरला मुलगा तात्या आठवीपर्यंतच शिकला, पण ताडावर चढणारा त्याच्या तोडीचा माणूस आज केळव्यापासून घिवलीपर्यंत नाही. बाकीचे शिड्या लावतात, हा पायात फास घालून सरसर जातो आणि शेंड्यावरून खालच्या माणसाला चहा सांगतो. त्याच्या पाठची रूपल. ही हकीकत तिची आहे.

रूपल चालायला लागली तेव्हापासून टोपलीजवळ. ताडाच्या एका फळात तीन डोळे, प्रत्येक डोळ्यात एक गोळा. तात्या कोयत्यानं फळाचं डोकं उडवायचा आणि ही अंगठा घालून गोळे अलगद बाहेर काढायची. चार फळं म्हणजे डझन. पण झाड काय कुणाचं ऐकून फळ धरत नाही, एखाद्यात दोनच डोळे निघतात, एखाद्यात एक. तेव्हा दोनडोळीच्या जोडीला एकडोळी शोधायची, म्हणजे तीन भरले. पाच वर्षांची पोर फळांच्या ढिगाकडे बघून सांगायची, "आई, यात दोन डझन होतील, वरचे पन निघतील." आणि निघायचे.

शाळेत मात्र ती दहावीला गणितात अडकली. दुसऱ्या खेपेला सुटली. कागदावरचा आकडा तिला दिसायचाच नाही. हातात चिंचोका द्या, सुपारी द्या, मग ती वाटेल ते करून दाखवेल. मास्तर म्हणायचे, परीक्षेला काय टोपली घेऊन बसणार आहेस का? ती म्हणायची, बसू द्याल का?

लग्न करून बोईसरला गेली. नवरा कारखान्यात फिटर होता. मूल झालं नाही. काही वर्षांनी नवरा दुसरीकडे राहायला गेला, तिथे दुसरं घर केलं. त्या माणसाबद्दल इथे जास्त लिहायचं नाही. तात्या जाब विचारायला गेला होता आणि त्यानं दार उघडलं नव्हतं, एवढं पुरे. तात्या बहिणीला म्हणाला, चल घरी. ती म्हणाली, "दादा, भावाच्या घरी भाऊबीजेला यायचं असतं. रोज नाय."

पालघरच्या एका संस्थेला तेव्हा कारखान्यांच्या मागच्या चाळींत बालवाडी चालवायला बाई हवी होती. रूपलला ते काम मिळालं आणि कामाबरोबर खोली मिळाली. पुढच्या अर्ध्या खोलीत बालवाडी, मध्ये पडदा, पडद्यामागे तिची शेगडी, पलंग आणि देव. दुपारी पोरं गेली की पडदा सरकवायचा, संपूर्ण खोली तिची. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली असतील.

चाळीत सगळ्या तऱ्हेची माणसं. कोणी यूपीचे, कोणी बिहारचे, कोणी मनोरच्या वरच्या डोंगरातून कामाला उतरलेले वारली. पोरांची भाषा एकमेकांना कळायची नाही. संस्थेनं भिंतीवर आकड्यांचा तक्ता लावला होता. रूपल महिनाभर तक्त्यावर छडी ठेवून एक, दोन, तीन म्हणून घेत राहिली. पोरं तिच्यापेक्षा मोठ्यानं म्हणायची आणि चार गोट्या समोर ठेवल्या की गोंधळून जायची. तिला आपलीच दहावी आठवली.

मग तिनं तात्याला निरोप धाडला, ताडगोळे काढून झाले की रिकामी फळं टाकू नको. तात्यानं कामात कसर ठेवली नाही. चांगली फळं निवडली, छपरावर वाळवली, कोयत्यानं बुडं सपाट केली, वाळूनं घासून गुळगुळीत केली. पोतं भरून बोईसरला नेऊन दिली. तीनडोळी जास्त, दोनडोळी थोडी, एकडोळी तर मोजकीच. पोरांनी ती हातात घेतली आणि काही सांगायच्या आधी एकेका डोळ्यात एकेक चिंचोका बसवायला सुरुवात केली. आठवड्याभरात तीन मोजायची कुणाला गरज उरली नाही. तीन म्हणजे भरलेलं फळ. पाच म्हणजे एक तीनडोळी आणि एक दोनडोळी. कुणी म्हणालं दोनडोळी संपल्या, तर दुसरं एकडोळी दोन आणून लावायचं. एकडोळीसाठी मारामाऱ्या व्हायच्या. रूपल भांडण लगेच सोडवायची नाही. म्हणायची, भांडा, पण दुसरं कसं भरता येईल ते पण बघा.

त्याच्यापुढे दुकान-दुकान. फळीवर चिंचोक्यांचा ढीग, एक पोर विकणारं, एक घेणारं. नियम तिच्या आईचाच. मागितले तेवढे मोजायचे, मोठ्यानं मोजायचे, समोरच्याच्या हातावर ठेवायचे, आणि वर एक ठेवायचा, न मोजता. स्वतःची फळं भरताना वरचा नाही. तो फक्त दुसऱ्याला देताना. चार वर्षांच्या पोरांना हा फरक कळायचा. मुद्दाम विचारलं, किती दिले रे, तर म्हणायची पाच. आणि हा? "ये तो ऊपर का है, दीदी," बिहारचं एखादं पोर असं सांगायचं की जणू ताईलाच काही येत नाही.

दीपा नावाची एक मुलगी होती. आई ठमी, वारली, बोईसरच्या बाजारात भाजी विकायला बसायची. दीपा आली तेव्हा तोंडातून शब्द काढत नव्हती. दोनडोळी फळ छातीशी धरून कोपऱ्यात बसायची. दिवाळी झाली, संक्रांत झाली, मुलगी बोलेना. रूपलनं जबरदस्ती केली नाही. एक दिवस दुकानात विकणारं कोणी नव्हतं, तर दीपा उठून ढिगामागे जाऊन बसली. रूपलनं हात पुढे केला. "पाच द्या हो शेठाणी."

दीपानं एकेक करून पाच चिंचोके हातावर ठेवले. मग रूपलच्या तोंडाकडे बघितलं. सहावा उचलला, वर ठेवला आणि आपल्या इवल्या हातांनी रूपलची बोटं त्याच्यावर मिटून टाकली.

"वरचा," म्हणाली.

त्या मुलीचा बालवाडीतला पहिला शब्द तो. रूपलनं केळव्याला येऊन सांगितलं तेव्हा वत्सलाबाई एवढ्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "माझा वरचा डोंगरावरच्या पोरींपर्यंत गेला."

तर अशी रूपल. बालवाडीच्या बाया या भागात पुष्कळ असतील, पण एवढ्या-एवढ्या पोरांच्या बोटांत गणित उतरवणारी या घरातलीच.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता संस्थेच्या समिधा मॅडम आल्या. त्या पालघरच्या, बाई सरळ, रूपलला कधी वाकडा शब्द बोललेल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की संस्थेला पैसे देणारे आता बदलले आहेत. सगळ्या बालवाड्यांची तपासणी होणार. पोरांना काय येतं ते बघणार. ज्या कच्च्या निघतील त्या बंद करून शेजारच्या बालवाडीला जोडणार.

"जोडनार म्हंजे?" रूपलनं विचारलं.

"म्हणजे पोरं तिकडे जातील, आणि ही खोली सोडावी लागेल."

"बाई?"

"बाई त्यांना एकच लागेल ना, रूपलताई."

रूपल घाबरली नाही. पोरं पक्की होती. तात्या तर त्याहून बेफिकीर. त्यानं केळव्यात टपरीवर सांगून टाकलं की पहिला नंबर बोईसरचाच, नाव वाचायचं तेवढं बाकी आहे. तपासणीच्या दिवशी तो स्वतः मोटरसायकलवर हंगामातल्या पहिल्या ताडगोळ्यांचं पोतं बांधून बोईसरला गेला. बहिणीच्या दारी पाहुणे येणार आणि भाऊ रिकाम्या हातानं जाणार, हे कसं व्हायचं?

तपासायला आला तो ललित सर म्हणून तरुण मुलगा होता. दारात बूट काढले, पोरांना नमस्कार केला, चांगला होता. तात्यानं सगळ्या पोरांसमोर फळं फोडली, बारा गोळे मोजून पानावर ठेवले आणि त्यावर एक ठेवला.

"हा वरचा. हा मोजायचा नाय, सर."

"का बरं?"

"पाव्हन्याला मोजून देत नायत आमच्याकडे."

ललित सर हसले, तो गोळा त्यांनी पहिल्यांदा तोंडात टाकला. पोरं खूश होऊन बघत होती. पाहुण्याला वरचा आवडला होता.

मग तपासणी. सरांनी लाल मण्यांची डबी उघडली, एक ताटली ठेवली, मांडीवर टॅब घेतला. बाईनं दारात थांबायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पहिली दीपा.

"या ताटलीत मला पाच मणी देशील?"

दीपानं मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. दारात रूपलचा जीव भांड्यात पडला. दीपानं मान वर करून सरांकडे पाहिलं, डबीत हात घातला आणि आणखी एक मणी वर ठेवला.

"झाले?"

"झाले."

"किती आहेत हे?"

"पाच."

सरांनी टॅबवर बोट टेकवलं. पुढच्या पोराला आठ मागितले, त्यानं नऊ दिले आणि आठ सांगितले. त्याच्या पुढच्याला चार मागितले, पाच आले. एकेक पोर उठून अगदी मनापासून सरांना एकेक वरचा देत होतं. सरांचं बोट एकाच जागी टेकत होतं.

तात्या पुढे झाला. रूपलनं त्याचं मनगट धरलं. ताडाला मिठी मारून जन्म गेलेला हात तो, पण तिच्या पकडीतून सुटला नाही. "नियम हाय," ती दातांतून बोलली. "बोललास तर सगळंच जाईल."

संपल्यावर तिनं ललित सरांना सांगितलं. आईची टोपली, दुकान-दुकान, सगळं. सरांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"ताई, मला कळलं. पण माझ्याकडे बरोबर नाहीतर चूक एवढंच भरायला जागा आहे. पोरगं सहा देऊन पाच म्हणत असेल तर मी बरोबर कसं भरू? उद्या कोणी विचारलं तर?"

 त्याचं काम तो करत होता.

दोन दिवसांनी समिधा मॅडम आल्या. कच्च्या बालवाड्यांत बोईसरचं नाव होतं. पण मॅडमनी वर बोलून आठवड्याची मुदत घेतली होती. ललित सर पुन्हा येणार होते.

"रूपलताई, वरचा बंद करा."

"मॅडम, पोरांना येतंय हो. ती फक्त..."

"मला माहीत आहे. पण जूनमध्ये यातली निम्मी पोरं पहिलीत जातील. तिथे कोण विचारणार आहे वरचा कसला ते? पाचाच्या जागी सहा लिहिले की चूक. तुम्हाला वाटतं तेवढं ते प्रेमाचं राहणार नाही तिथे." मग खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "आणि खोलीचं बघा ताई. मला पुन्हा मुदत नाही मागता येणार."

"आठवड्यात मोडेल सवय?"

"पोरं लवकर विसरतात."

संध्याकाळी तात्या आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो उभा राहूनच बोलला.

"त्या टॅबवाल्या पोराला सांग, ताटली उचल नि जा. आपल्या आईचा हात हाय तो. तो मोडायचा नाय."

"आनि मग?"

"मग केळव्याला ये."

"कशाला? टोपलीमागं बसायला?"

"घर हाय तुझं."

"घर तुझं हाय दादा. तुझ्या बायकोचं हाय. तू ताडावर बसून बोलतोस, पडलास तर खाली वाडी तुझीच हाय. मी पडले तर मला हा पडदा हाय नि ही खोली."

"एवढ्या खोलीपायी?"

"तुला एवढीच दिसते ती. मी तिच्यात राहते."

"आईला काय सांगू मी?"

"सांग, पोरं पास झाली."

तात्या तिच्याकडे न जेवता निघाला. आणि घरी येऊन त्यानं आईला जे होतं ते सांगितलं. या घरात आईशी खोटं बोलत नाहीत. वत्सलाबाईंनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीच्या टोपलीसाठी फडकं भिजत घातलं. 

तिकडे रूपलनं मोडायला घेतलं. आधी सांगून पाहिलं, आता नवीन नियम, वरचा नाही. पोरांनी माना डोलावल्या आणि वरचा ठेवला. मग खेळ केला, बरोबर पाच ठेवणाऱ्याला टाळ्या. टाळ्या घेऊन पोरं खूश झाली आणि त्या खुशीत आणखी एक ठेवून गेली. एक दिवस गेला, दोन गेले. काही पोरांचं सुटलं, पण दीपाचं सुटेना. आणि दीपाचं बघून बाकीच्यांचं परत यायचं. रात्री अंथरुणावर रूपलला खोलीच्या भिंती दिसायच्या, त्यावरचा कॅलेंडरचा खिळासुद्धा.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं दीपाला समोर बसवलं. हात पुढे केला. "पाच."

दीपानं पाच मोजून ठेवले. रूपलकडे बघितलं. तिचा हात परत ढिगाकडे गेला, सहावा उचलला, पुढे आला, आणि रूपलनं त्या हातावर फटका मारला.

जोरात मारला असंही नाही. पण बालवाडी उघडल्यापासून त्या खोलीत तिनं कुणावर हात उचललेला नव्हता. चिंचोका उडून पलंगाखाली गेला.  दीपा रडली नाही. तिनं आपल्या हाताकडे बघितलं, मग दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"पुन्हा," रूपल म्हणाली. "पाच."

दीपानं एक हात काढला, पाच मोजून ठेवले, हात परत मांडीखाली घातला. तिच्या बाजूच्यानं ते बघितलं. त्यानंही मोजले आणि हात मांडीखाली घातले. मग त्याच्या बाजूच्यानं. मधली सुट्टी व्हायच्या आत सगळी पोरं तसंच करत होती. मोजायचं, ठेवायचं, हातांवर बसायचं. रूपलनं त्यांना तसं शिकवलं नव्हतं. पण नको असंही म्हणाली नाही.

ललित सर आले. या खेपेला तात्या नव्हता, ताडगोळे नव्हते. दीपाला पाच मागितले, पाच आले. आठ मागितले, आठ आले. पोरं एका मागून एक येऊन मोजून देत होती आणि जागेवर जाऊन हातांवर बसत होती. सरांचं बोट आता दुसऱ्या जागी टेकत होतं. त्यांनाही बरं वाटत असावं. सगळं झाल्यावर त्यांनी टॅब बाजूला ठेवला, दीपाकडे वाकले आणि रिकामा तळहात पुढे केला.

"आणि वरचा?"

दीपानं हात मांडीखाली अजून आत सारले.

"वरचा नसतो," ती म्हणाली.

सरांनी हात मागे घेतला. त्यांनी रूपलकडे पाहिलं. रूपल चटईचं टोक सरळ करत होती. ते टोक सरळच होतं.

खोली राहिली. संस्थेच्या मीटिंगमध्ये समिधा मॅडमनी सगळ्या बायांपुढे रूपलचं नाव घेतलं, एका आठवड्यात केवढा फरक पडला बघा म्हणाल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या. जूनमध्ये नव्या देणगीदारांकडून खोके आले, रंगीत प्लास्टिकचे ठोकळे, प्रत्येक ठोकळ्याला खाच. छान होते, पोरांना आवडले. ताडाची फळं पोत्यात घालून माळ्यावर टाकली. पावसाळ्यात छप्पर गळलं, त्यांना बुरशी धरली. एक दिवस रूपल पोतं घेऊन चाळीच्या टोकाला कचरा टाकतात तिथे गेली. तात्याला तिनं ते कळवलं नाही. त्याला दुसऱ्याच माणसाकडून कळलं, दीपाच्या हातावरच्या फटक्यासकट, आणि त्यानं ते आईला सांगितलं.

श्रावणात ती बाजारात गेली होती. ठमी काकड्यांचे वाटे लावून बसली होती, शेजारी गोणपाटावर दीपा. पहिलीत गेली होती, केसांना लाल रिबीन होती. ठमीनं बाईला बघून जागा केली.

"बाय, तुमी पोरीला लय हुशार केलंत. आता वाटे तीच लावते. मी सवयीनं वर एक टाकला, का ही गपकन काढून घेते. गिऱ्हाईक बोलतं, पोरगी आयशीपेक्षा शहानी हाय. मला येडीला आजवर कोनी सांगितलंच नाय, का वरचा द्यायचा नसतो."

 ठमी खरंच खूश होती. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर ऐकून घेणं सोपं गेलं असतं.

"द्यावा गं कधीतरी," रूपल म्हणाली.

"आता कशाला? तुमीच शिकवलंत नि तुमीच असं बोलता?"

रूपलनं पाच काकड्या मागितल्या. दीपानं पाच मोजून पिशवीत घातल्या. ठमी हसून म्हणाली, "बाईला तरी दे गं एक वरची." दीपानं बाईकडे बघितलं आणि हात मांडीखाली घेऊन गोणपाटावर बसली.

भाऊबीजेला रूपल केळव्याला आली नाही. अंगात ताप आहे असा निरोप आला. तात्यानं ओवाळणी पाठवून दिली. हंगाम आला तसा मात्र तिला राहवलं नाही. मार्चात एका रविवारी सकाळीच आली आणि पूर्वीसारखी आईच्या टोपलीजवळ जाऊन बसली. वत्सलाबाई थकल्या आहेत आता, पण नाक्यावरची जागा सोडलेली नाही. दोघी बोलल्या, तब्येतीचं, वाडीतल्या पाण्याचं. बाकी काही निघालं नाही.

दुपारी वत्सलाबाई पाणी प्यायला मागच्या वाडीत गेल्या तेव्हा एक गाडी थांबली. रूपलनं डझन मोजला, पिशवीत घातला, आणि हात आपसूक टोपलीत गेला. एक वर ठेवला. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. तिनं वळून पाहिलं तर वत्सलाबाई मागे तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"पोरीचा हात मारून बंद केलास," त्या म्हणाल्या, "आनि तुझा अजून चालतो?"

एवढंच. वर्षभरात त्या यावर पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच. रूपलनं मान खाली घातली आणि गोळ्यांवरचं फडकं ओलं करत राहिली. आई, मग मी कुठे गेले असते, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. त्याचं उत्तर त्या घरातल्या कुणाकडे नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं.

ऊन उतरल्यावर ती निघाली. तात्या ताडावरून नुकताच उतरला होता, पायाशी फळांचा ढीग होता. नाक्यावर पालघरची टमटम उभी होती. दर वर्षीसारखी वत्सलाबाईंनी लेकीसाठी पिशवी उघडली. चांगले, कोवळे बघून एकेक गोळा घालत गेल्या आणि या खेपेला मोठ्यानं मोजत गेल्या. बारा झाले. त्यांनी पिशवीला गाठ मारली आणि पुढे केली.

"घे. बारा हायेत."

रूपल पिशवी घेऊन जरा वेळ तशीच उभी राहिली. टोपली अर्धी भरलेली होती. वत्सलाबाईंनी तिच्यावर फडकं ओढून घेतलं. टमटमवाल्यानं दोनदा हाक मारली, तेव्हा ती जाऊन बसली.

तात्याच्या पायाशी एवढी फळं पडली होती, पण त्याचाही हात खाली गेला नाही. या घरातून कुणाला मोजून दिलेलं गावानं पहिल्यांदा पाहिलं, ते घरच्या मुलीला.